अकरा नंबरचा पाहुणा

सोमवार, १६ ऑक्टोबर

अकरा नंबर भाई,

अस्सलामु अलैकुम.

काल तुम्ही न जेवता गेलात. ही काय रीत झाली? वॉर्डात चाळीस दिवस मी तुम्हाला "एकदा घरी या, एकदा घरी या" म्हणून पिडलं. तुम्ही आलात, आणि घरात एवढं शिजलेलं असताना साधं पाणी पिऊन गेलात. बायको चिडली आहे. तुमच्यावर. माझ्यावरही असेल, मी नीट विचारलं नाही.

घरात गडबड होती ती तुम्ही पाहिलीच. मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे वडील, दोन काका, एक मामा, आणि आत बायका. मुलाचे वडील म्हणजे काही साधं प्रस्थ नव्हे. मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष, तीन इमारतींचे मालक, बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप मान डोलवतो. अशा वेळी घरातल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. तुम्ही दोन ओळी टाकून आला असतात तर... जाऊ द्या. पाहुण्याने कळवून यावं असं मी म्हणत नाही. कधीही या, हे मीच म्हणालो होतो.

लग्न ठरल्यात जमा आहे. अल्लाहचा शुक्र. निघताना ते म्हणाले, आता आपण व्याही.

आणि मागच्या मोरीचं तुम्ही उगाच मनावर घेतलंत. दीड महिना तुंबली होती हे खरं, पण तुम्ही कशाला हात घालायचा? आता पाणी असं धावतंय की बायको दोनदा बादली ओतून बघत बसली.

वहिनींनी पाठवलेला डबा मागच्या पायरीवर मिळाला. भुशात ठेवलेली बारा अंडी, चार तास बसमध्ये हिंदकळून एकाला तडा नाही. वहिनींना माझा सलाम सांगा.

पायाची जखम भरली का? माझी मांडी हवा बदलली की ठणकते. पत्र मिळताच फोन करा.

तुमचा,
बारा नंबर


शनिवार, २१ ऑक्टोबर

अकरा नंबर भाई,

फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही. काल तुमच्या कामाच्या चौकीवर केला. मुकादम म्हणाला, "कामावर आहेत. निरोप आहे का?" मी म्हणालो, नाही. मग पुन्हा लावला आणि सांगितलं की बारा नंबरचा फोन होता म्हणा. तो म्हणाला, "कसला बारा नंबर?" आता त्याला काय समजावणार, की आमच्या वॉर्डात नर्स सगळ्यांना कॉटच्या नंबराने हाक मारायची आणि आम्हालाही तीच सवय लागली.

दुकानात माझं लक्ष नाही. एका दवाखान्याच्या खुर्च्यांची आठ कव्हरं शिवायची होती, पाच उलट्या बाजूने शिवली. कारागीर म्हणाला, "मालक, तुम्ही घरी जा, मी उसवतो." घरी आलो तर घरातही बसवत नाही. बायको बोलते, पण कामापुरतं. भाजी आणा, बिल भरा. आणि रोज सकाळी एकदा, "पत्राचं उत्तर आलं?"

तिचं म्हणणं, मी तुम्हाला काहीतरी बोललो असणार. ती त्या वेळी आत बायकांमध्ये होती, तिने काही ऐकलं नाही. तुम्ही आलात हेच तिला पाहुणे गेल्यावर कळलं, डबा बघून. वहिनींचा डबा तिने लगेच ओळखला. हॉस्पिटलच्या अंगणात दोघी चाळीस दिवस एकाच स्टोव्हवर स्वयंपाक करत होत्या, ओळखणारच.

तर काय झालं असेल ते सांगतो. व्याह्यांनी आतून विचारलं, कोण आलंय. मी दारात होतो. गडबडीत तोंडातून काहीतरी निघून गेलं. नक्की काय ते मला शब्दाशब्दाने आठवत नाही. तुम्हीही ते धरून बसू नका. मुलीचा बाप त्या वेळी माणूस नसतो. तुम्हालाही मुली आहेत, तुम्ही समजून घ्याल.

बुधवारी मी तुमच्या गावाच्या बसला उभा राहिलो होतो. बस आली, गर्दी होती, मांडी दुखत होती. परत आलो.

खरं तर गर्दी नव्हती.

बारा नंबर


शुक्रवार, २७ ऑक्टोबर

भाई,

शब्दाशब्दाने आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं. सगळं आठवतंय. तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथेच होतात. पण आजवर मी ते कुणालाच सरळ सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तेव्हा आधी तुम्हालाच लिहितो.

तुम्ही पुढच्या दाराने आलात. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात डबा. मला बघून हसलात. मीही हसलो असेन, कारण पहिला एक क्षण मला खरंच आनंद झाला, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या. मग मागून आवाज आला, "कोण आहे हो?"

तुमचं काम काय, हे त्यांना कळायला किती वेळ लागला असता? दोन वाक्यं. तुम्ही ते कधी लपवत नाही. वॉर्डात पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "मी गटारात उतरतो, पत्रा लागून पाय कापला, तो सडला." आणि ते अध्यक्ष महाशय तेव्हा नेमके घराण्याबद्दल बोलत होते. आपल्याकडे कोण उठतं, कोण बसतं, हे मुलगी देताना-घेताना बघावं लागतं, असं. माझ्या डोळ्यांपुढे मुलीचं लग्न मोडलं. आणि मी मान वळवून म्हणालो,

"कोणी नाही. मागची मोरी तुंबलीय ना, त्यासाठी माणूस बोलावला होता."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने बघितलं असतंत तर बरं झालं असतं. एखाद्याचा तोल जातोय आणि त्याला सावरायचंय, तसं बघितलंत. मग म्हणालात, "हो. मोरी कुठल्या बाजूला आहे?"

मी हाताने मागचा रस्ता दाखवला. बोललोसुद्धा नाही.

आत येऊन मी बसलो. व्याही बंधुभावावर बोलत होते. कुठलाही मुसलमान दाराशी आला तर तो आपला भाऊ, त्याची जात, धंदा, कपडा बघायचा नाही, असं त्यांचं चाललं होतं. छान बोलतात. मी मान डोलवत होतो आणि मागून तार खरवडल्याचा आवाज येत होता. तुम्ही शर्ट काढून खिळ्याला टांगला होता आणि हाताने गाळ उपसत होतात. मामांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "चांगला कामाचा माणूस दिसतो." लगेच व्याही उठले, खिडकीशी जाऊन तुम्हाला म्हणाले, "ए, आमच्याकडेही एक मोरी तुंबलीय. येशील का?"

तुम्ही म्हणालात, "येईन साहेब. सुट्टीच्या दिवशी."

हे मी ऐकलं, आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

भाई, हॉस्पिटलात मला मांडीला वजन लावून महिनाभर पाठीवर झोपवलं होतं. वॉर्डबॉय वेळेवर यायचा नाही. माझं भांडं कोणी उचललं? तुम्ही. लंगडत, भिंत धरून. मी पहिल्यांदा लाजेने रडलो तेव्हा म्हणालात, "रडता काय, माझा तर पगारच यावर चालतो." सगळा वॉर्ड हसला, मीसुद्धा. त्याच दिवशी मी तुम्हाला भाऊ म्हणालो. मला सख्खा भाऊ नाही.

हे आज लिहायचं कारण माझी मुलगी. परवा ती दुकानात आली, कारागीर जेवायला गेला होता ती वेळ साधून.

"अब्बा, ते अकरा नंबरवाले चाचा होते ना?"

"कोण?"

"मोरीवाले."

मी सुईत दोरा ओवत होतो. दोनदा चुकलो.

ती म्हणाली, "अम्मीने डबा ओळखला तेव्हाच मला कळलं. इतके दिवस वाट बघितली की तुम्ही सांगाल. मी त्यांना साबण दिला, टॉवेल दिला. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? 'चाचा, त्या कोपऱ्यातला गाळही काढा.' मला आधी सांगितलं असतंत तर मी असं बोलले असते?"

"तुझ्यासाठीच केलं," मी म्हणालो.

"तेच तर. खोटं तुम्ही बोललात, पण माझ्या नावावर बोललात. आता त्या लग्नात मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

ती गेली. तिला तो मुलगा आवडलाय, हे मला माहीत आहे. म्हणूनच तिचं बोलणं जास्त लागलं.

माफी मागतो. एवढं सगळं लिहून शेवटी तेवढंच उरतं.

बारा नंबर


बुधवार, ८ नोव्हेंबर

भाई,

तुमचं पत्र नाही. तरी लिहितो, कारण लिहिलं नाही की मी घरभर फिरत राहतो आणि बायको म्हणते, "बसा तरी, नाहीतर बाहेर तरी जा."

परवा बाहेर गेलो. व्याह्यांकडे. मुलीने सांगितलं होतं, एक तर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

त्यांनी चांगलं स्वागत केलं. चहा आला. मी चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. तो मोरीवाला नव्हता, माझा पाहुणा होता, मी त्याला भाऊ म्हणतो, आणि तुमच्या भीतीने मी त्याला मोरीवर पाठवलं. मला वाटलं, ते उठून उभे राहतील, मला दार दाखवतील. मी तेवढी तयारी करून गेलो होतो.

ते हसले.

"एवढंच ना? मला वाटलं मुलीचं काही आहे की काय." माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "अहो, मीही तेच केलं असतं. मशिदीत रांग एकच असते, ती असलीच पाहिजे. पण दिवाणखाना ज्याचा त्याचा असतो."

भाई, ते चिडले असते तर मी सुटलो असतो. त्यांनी मला थाप मारून आपल्यातला करून घेतलं. मग मी जे ठरवून गेलो नव्हतो तेच बोललो. म्हणालो, "निकाहाला आमच्या बाजूचा साक्षीदार तो असेल."

त्यांचा कप वाटेतच थांबला. "आमच्या बाजूने वकीलसाहेब बसणार आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या शेजारी?"

"दोघेही मुसलमान आहेत."

"ते मला तुमच्याकडून शिकायला नको." मग कप खाली ठेवून, "विचार करा. आम्हीही करतो."

काल निरोप आला, तूर्त थांबावं. मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "थांबू दे." आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. बायकोने तिला थांबवलं नाही. पण मला म्हणाली, "आता तरी जेवा नीट," आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या समोर बसली.

तर आता तुम्ही या. साक्षीला या. लग्न झालं तर पहिल्या रांगेत तुम्हाला बसवीन, सगळ्यांच्या देखत तुम्ही कोण ते सांगेन.

इथे पत्र संपवायचं असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट राहिली आहे. ती मी व्याह्यांनाही सांगितली नाही, मुलीलाही नाही.

त्या दिवशी असरच्या नमाजची वेळ झाली. दिवाणखान्यात चटई अंथरली, व्याही पुढे उभे राहिले, आम्ही चौघे मागे. तेवढ्यात खिडकीतून दिसलं की तुम्ही नळाखाली अंघोळ केली आहे, धुतलेला टॉवेल जमिनीवर पसरला आहे आणि एकटेच नमाजला उभे आहात. मी आणि तुम्ही, मध्ये एक भिंत. चाळीस दिवस मी ज्याच्या मागे नमाज पढली, तुम्ही दोन कॉटच्या मधल्या जागेत आणि मी कॉटवर पडल्या पडल्या, तो माणूस माझ्याच अंगणात एकटा उभा होता. बाकीचं सगळं सोडा. मोरीवाला म्हणून का होईना, पण त्या वेळी तरी मी तुम्हाला आत बोलावू शकलो असतो. नमाजला शेजारी कोण उभं आहे हे कोणी विचारत नाही. व्याह्यांनीही विचारलं नसतं. म्हणजे तेव्हा मला भीती कुणाचीच नव्हती. तरीही नाही बोलावलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून मी घरात नमाजला उभा राहिलो की कुराणाच्या आयता विसरतो.

बारा नंबर


सोमवार, २० नोव्हेंबर

बारा नंबर भाई,

वालेकुम अस्सलाम.

चारही पत्रं मिळाली. मला लिहायला वेळ लागतो आणि अक्षर असं आहे. फोन मुद्दाम उचलला नाही. बोललो असतो तर "असू द्या, असू द्या" म्हणून मोकळा झालो असतो. मला ते म्हणायचं नव्हतं.

मी परत फिरलो असतो तर तुमचं खोटं सगळ्यांपुढे उघडं पडलं असतं आणि मुलीचं नुकसान झालं असतं. तिची काय चूक? म्हणून मागे गेलो. आणि मोरी खरंच तुंबली होती. कोपऱ्यातला गाळ मी काढला आहे, तिला सांगा. तिच्यावर माझा राग नाही.

कामाची मला लाज नाही. ते मी रोज करतो. पण त्या दिवशी माझी सुट्टी होती.

साक्षीदार म्हणून मी येणार नाही. तुम्ही मला वर बसवायला बोलावताय. मी बाजूला बसायला आलो होतो.

नमाजचं मी काही बोलत नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

आता एक काम आहे. माझ्या अम्माच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. तुमच्या गावात डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस जवळ राहावं लागतं, दर चार तासांनी थेंब टाकायचे असतात. मला आता रजा मिळत नाही, पायाच्या वेळी सगळी संपली. पुतण्या आणून सोडेल. ती चिडकी आहे. दात नाहीत, भात मऊ लागतो. मोठ्याने बोलते आणि कोणालाही कामं सांगते. ठेवाल का? जमत नसेल तर नाही म्हणा, पण जे असेल ते खरं लिहा.

तिला मी त्या दिवसाचं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

अकरा नंबर


गुरुवार, १४ डिसेंबर

भाई,

"पाठवा" एवढीच तार केल्यासारखी चिठ्ठी मी टाकली होती, कारण जास्त लिहायला बसलो असतो तर काहीतरी भलतंच लिहिलं असतं. आता सविस्तर.

अम्मांचा डोळा उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, रविवारी पट्टी कायमची निघेल. तिला आतली खोली दिली होती. एक दिवस राहिली आणि म्हणाली, "इथे काय भिंतीशी बोलू?" तेव्हापासून ती समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली आहे. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तिचं ऑपरेशन माहीत झालंय. भात मऊ हवा म्हणजे किती मऊ, यावरून तिचं आणि बायकोचं दोन दिवस भांडण चाललं. आता दोघी मिळून माझ्याशी भांडतात.

तुमचा शब्द मी मोडला. आधीच सांगतो.

ती रोज सकाळी थेंब टाकून झाले की माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, माझ्या पोराला परमुलखात तू भाऊ म्हणालास, अल्लाह तुला सुखात ठेवो. एक दिवस सहन केलं, दोन दिवस केलं. पाचव्या दिवशी मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. दारातलं वाक्य, मोरी, खिडकी, नमाज, सगळं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली. तो सबंध दिवस थेंब मुलीकडून टाकून घेतले, माझ्याकडून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "ए, मला उन्हात ने." मी पायरीवर नेऊन बसवलं. बराच वेळ ऊन खात बसली. मग म्हणाली,

"त्या दिवशी पोरगा घरी आला. सून वाढायला उठली तर म्हणाला, नको, तिकडे फार आग्रह केला, गळ्यापर्यंत जेवलोय. मी त्याच्या वाटचं झाकूनसुद्धा ठेवलं नाही. उपाशी झोपला असेल रे."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही हे पत्रातही लिहिलं नाहीत. मी तिच्या पायाशी बसलो तो बसूनच राहिलो. ती म्हणाली, "तो इथे येऊन जेवेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही." अर्ध्या तासाने तिला पाणी हवं झालं, मग उशी, मग पोस्टमन का आला नाही ते. गप्प बसणं तिला जमत नाही, हे आमच्या दोघांचं नशीब.

आता व्याह्यांचं. त्यांच्या मुलाने घरी हट्ट धरला होता असं कानावर आलं होतं. मंगळवारी ते अचानक आले, एकटेच. मी समोरच्या खोलीतच एका उशीला टाके घालत होतो. ते दारात चपला काढतात न काढतात तोच अम्मांनी पावलांचा आवाज ऐकला. डोळ्यावर पट्टी. तिला वाटलं, मीच.

"आलास का? टाक थेंब, वेळ होऊन गेली."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी उठायला हवं होतं. नाही उठलो. म्हणालो, "माझ्या भावाची आई आहे. बाटली तिथे कपाटावर आहे. हात तेवढे धुऊन या."

भाई, एवढा मोठा माणूस, क्षणभर नुसता उभा राहिला. मला वाटलं, आता परत चपला घालतात. मग त्यांनी अंगठी काढून खिशात ठेवली, हात धुतले, पट्टी वर केली. पहिला थेंब गालावर पडला. अम्मा म्हणाली, "डोळा इथे आहे रे, गालाला कुठे मोतीबिंदू झालाय?" मुलगी आत हसली, ते आम्हाला ऐकू आलं. दुसरा थेंब बरोबर पडला.

"हात हलका आहे," अम्मा म्हणाली. "तू कुणाचा?"

ते जरा अडखळले. म्हणाले, "मी यांचा व्याही."

असं लग्न पुन्हा ठरलं. त्याने माणूस बदलला असं मी म्हणत नाही. जाताना त्यांनी हात पुन्हा धुतले, जरा जास्तच वेळ, तेही मी पाहिलं. माझेही हात किती दिवस स्वच्छ राहतील, अल्लाहला ठाऊक. साक्षीला त्यांचे वकीलसाहेब आणि आमच्या दुकानातला कारागीर बसणार आहेत. कारागिराचं नाव मुलीने सुचवलं. तुम्ही म्हणालात तेच, तुम्हाला वर बसवत नाही. कुठे बसायचं ते येऊन तुम्हीच बघा.

पण त्याआधी अम्मांना न्यायला कोणीतरी यायला हवं. पुतण्याला पाठवू नका. रविवारी सुट्टी आहे ना तुमची? दुसऱ्या कोणाबरोबर बसमध्ये बसायला ती तयार नाही, काल दोनदा तसं म्हणाली, मी स्वतः ऐकलं.

म्हणजे, तसं म्हणायला मीच तिला सांगितलं होतं. पण दुसऱ्यांदा ती आपणहून म्हणाली.

बारा नंबर